उघडं दार

रविवारची उपासना साडेनऊला सुरू होते आणि शब्बाथ शाळा त्याआधी तासभर. त्यामुळे आठच्या सुमाराला मी चर्चच्या मागच्या खोलीचं कुलूप काढते. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात आणि या खोलीला पोरांची खोली. सतरंज्या झटकायच्या, खिडक्या उघडायच्या, फ्लॅनेलचा फळा खुर्चीवर टेकवून ठेवायचा. हा फळा माझ्याआधीच्या बाईंनी केलेला आहे. लाकडी पाटीवर निळं फ्लॅनेल ताणून बसवलेलं आणि कागदी चित्रांच्या पाठीला त्याच कापडाचे तुकडे डकवलेले. चित्र फळ्यावर हलकं दाबलं की बसतं. दाविदाची गोफण मुलांच्या बोटांनी हाताळून हाताळून विरली आहे. हरवलेल्या मेंढराचं चित्र मी दोनदा नवं काढलं, कारण गोष्ट संपली की प्रत्येकाला ते हातात धरायचं असतं.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी या खोलीत शिकवते आहे. पहिल्या इयत्तेपासून सातवीपर्यंतची वीस-बावीस मुलं असतात. त्यांना मी काय देते, हा प्रश्न वय वाढतं तसा अधिक अवघड होत गेला आहे. गोष्टी देते, हे खरं. गाणी देते, दहा आज्ञा देते, प्रभूची प्रार्थना देते. पण श्रद्धा? ती देता येते का? आईच्या हातचं तिखटमीठ मुलगी उचलते, तसं काही तरी नुसत्या सहवासाने उचललं जातं, हे मी पाहिलं आहे. आणि सगळं नीट शिकवूनही काहीच उचललं जात नाही, हेही पाहिलं आहे.

2021 च्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीची आजी दवाखान्यात होती. कोरोनामुळे चर्च बंद होतं. मुलं रोज संध्याकाळी सातला फोनवरून एकत्र येत आणि त्या आजीसाठी प्रार्थना करत. प्रत्येक जण एकेक वाक्य बोले. सतरा दिवसांनी आजी गेली. पुढे वर्ग उघडले तेव्हा त्या मुलीने पहिल्याच रविवारी विचारलं, “बाई, आपण सगळ्यांनी मागितलं होतं ना?” माझ्याकडे उत्तर तयार होतं. देवाची योजना आपल्याला कळत नाही, आजी आता त्याच्याजवळ सुखात आहे, असं मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने मान हलवली आणि पुढचे कित्येक महिने एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या त्या समजूतदार मानेची मला आजही टोचणी आहे. ज्या प्रश्नाने माझी स्वतःची झोप उडाली होती, त्याचं उत्तर मी तिला असं दिलं की जणू तो मला कधी पडलाच नव्हता.

त्या काळात मी बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय पुन्हा पुन्हा वाचत असे. ही गोष्ट मुलांना फार आवडते, कारण तिच्यात एक मूल रात्री देवळात झोपलेलं आहे आणि कोणीतरी त्याला नावाने हाक मारतं. शमुवेल उठून धावत म्हाताऱ्या याजक एलीकडे जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा होतं. तिसऱ्या खेपेला एलीच्या लक्षात येतं की ही हाक आपली नाही, आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं हे सांगून तो मुलाला परत पाठवतो. आम्ही शिकवणारे इथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, शमुवेलाने कसं ऐकलं! मी मात्र आता एलीकडे बघते. त्याचे डोळे मंदावलेले आहेत. त्याची स्वतःची मुलं, हफनी आणि फिनहास, वाया गेलेली आहेत. यज्ञाच्या मांसावर हात मारणारी, देवळात येणाऱ्यांना लुबाडणारी. बाप म्हणून तो हरलेला आहे. अशा माणसाच्या ओसरीला एक परकं मूल वाढतं आहे. आणि एलीचं शहाणपण एवढंच की मुलाला आलेली हाक त्याने आपल्या नावावर घेतली नाही. त्याने मुलाला स्वतःजवळ बसवून घेतलं नाही, जिथून हाक आली त्या जागी परत धाडलं.

आणि सकाळ तर त्याहून मोठी आहे. रात्री जे ऐकलं ते एलीच्या घराण्याच्या नाशाबद्दल होतं. मूल घाबरलेलं आहे. ते उठून देवळाची दारं उघडतं, रोजचं काम करतं, पण सांगायला धजत नाही. एली त्याला बोलावतो, माझ्यापासून काही लपवू नकोस म्हणतो, आणि मुलाने सगळं सांगितल्यावर ते ऐकून घेतो. रागावत नाही, तुला चुकीचं ऐकू आलं असेल असं म्हणत नाही. आपल्याविरुद्धचं सत्य एका लहान मुलाच्या तोंडून ऐकून घेणारा हा म्हातारा मला सगळ्या शास्त्रातला सर्वांत खरा शब्बाथ शाळेचा शिक्षक वाटतो. शमुवेल पुढे राजांना तोंडावर खरं सांगणारा झाला. त्याची तालीम त्या सकाळी झाली असावी, असं मला राहून राहून वाटतं.

त्या मुलीकडे मी आठ महिन्यांनी पुन्हा गेले. तिला म्हटलं, “तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मला माहीत नाही. मीसुद्धा देवाला तेच विचारते.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग आपण दोघी मिळून विचारू.”

चारित्र्याबद्दल आपण फार बोलतो, आणि बहुधा पुरस्काराच्या भाषेत बोलतो. माझीही एक चूक इथे सांगितली पाहिजे. कितीतरी वर्षं माझ्या वर्गात रंगीत कार्डांची पद्धत होती. दर रविवारी एक वचन पाठ करून यायचं, न चुकता म्हटलं तर एक कार्ड, आणि नाताळच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त कार्डं असलेल्याला बक्षीस. एका वर्षी एक मुलगा सगळी कार्डं घेऊन पहिला आला. त्याच वर्गात एक मुलगी होती, तिच्याकडे पुरती वीसही नव्हती. तिच्या कडेवर कायम धाकटा भाऊ. आई दुसऱ्याच्या शेतावर कामाला, रविवारीही. वचन म्हणायला ही उभी राहिली की तो रडायला लागे आणि ही त्याला घेऊन बाहेर जाई. मी मनात तिची गैरहजेरी मांडत असे. एकदा पाणी आणायला म्हणून मी बाहेर आले, तर ती चिंचेखाली बसलेली. समोर सहा-सात खडे मांडलेले. एक खडा तिने मुठीत लपवला होता आणि भावाला विचारत होती, “एक मेंढरू कुठं गेलं? शोध बघू.” अर्धीच ऐकलेली गोष्ट ती अशी पुरी करत होती. तो मूठ उघडू बघत होता, ती सोडत नव्हती, आणि शेवटी तिने मूठ उघडली तेव्हा दोघंही खिदळले.

त्या नाताळात बक्षीस त्या मुलालाच मिळालं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, आणि त्या पोराने मेहनत घेतली होती. पण कार्डं मी त्यानंतर बंद केली.

पाठांतर मात्र बंद केलं नाही. पाठांतराला हल्ली नावं ठेवायची चाल आहे, ती मला पटत नाही. आमच्याच नगर जिल्ह्यात नेवासं आहे, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अजून किती घरांत हरिपाठ मुलांच्या कानावरून आत जातो, अर्थ कळायच्या कितीतरी आधी! अर्थ नंतर येतो, कधी चाळीस वर्षांनी येतो. पण यायला त्याला घर लागतं, आणि ते घर शब्दांनी बांधून ठेवलेलं असावं लागतं. आमच्या मंडळीतली एक आजी शेवटच्या वर्षात स्वतःच्या लेकांना ओळखत नव्हती. मेंढपाळाच्या स्तोत्राची सुरुवात कोणी म्हटली, की पुढचं सगळं स्तोत्र ती डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणे. ते तिने सातव्या-आठव्या वर्षी कुठल्या तरी सतरंजीवर बसून पाठ केलं असणार. म्हणून मी म्हणते, वचन द्यावं, पण त्याला किंमत लावू नये. कार्ड हातात आलं की वचन चलन होतं.

शब्बाथ शाळेचा जन्म मुळात पाठांतरासाठी झालाच नव्हता. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स नावाचे वृत्तपत्राचे संपादक होते. तिथे टाचण्यांचे कारखाने होते, आणि गरिबांची मुलं सहा दिवस त्यांत राबत. रविवारी कारखाने बंद, म्हणून ही मुलं रस्त्यावर. 1780 साली रेक्स यांनी पगार देऊन बाया नेमल्या आणि या मुलांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. वाचायचं पुस्तक बायबल होतं, पण पहिली गरज होती ती वाचता येण्याची. सुटीच्या एकाच दिवशी मुलाला पाटी द्यायची, कारण बाकीचे सहा दिवस जगाने त्याच्या हातून काढून घेतलेले आहेत, हा त्यामागचा कळवळा होता. पुढे शाळा सार्वत्रिक झाल्या आणि रविवारची शाळा फक्त धर्माची उरली. तो कळवळा कुठे गेला, हे मात्र प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारायला हवं. आमच्या खोलीत आम्ही गोष्टीनंतर पंधरा मिनिटं कच्च्या मुलांचं वाचन घेतो. त्याला प्रार्थनेपेक्षा कमी मानत नाही.

शिकणाऱ्याची गरज आधी ओळखायची, हा विचार आपल्याकडे तर रेक्सच्याही आधीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं. त्याच्या आरंभी नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी तुमचं पुराण आम्हांला का देत नाही? प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षा होतीच; स्टीफन्स यांनी स्वतःही तशी पुस्तिका लिहिली. पण माणसाला प्रश्नोत्तरं पुरत नाहीत, त्याला कथा लागते, तीही आपल्या ओव्यांत, आपल्या भाषेच्या लाडाकोडात. जुन्या पोथ्या काढून घेण्यामागे सत्तेचा जो जाच होता तो विसरता येणार नाही, आणि विसरूही नये. तरी त्या प्रश्नाला स्टीफन्स यांनी हजारो ओव्यांचं उत्तर दिलं, हे थोर आहे. पुढे नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. अमेरिकन मराठी मिशनने 1870 च्या दशकात ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक काढलं. नारायण वामन टिळकांना तर मराठी जगाने फुलामुलांचे कवी म्हटलं. हे सगळं त्याच एका प्रश्नाचं उत्तर आहे. मुलाला देव परक्या भाषेत भेटला, तर तो त्याला शाळेतल्या साहेबासारखा वाटतो.

याच अमेरिकन मिशनला पाठवणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत, तिकडे हार्टफर्डमध्ये, होरेस बुशनेल नावाचे पाळक होते. 1847 साली त्यांनी ख्रिस्ती संगोपनावर पुस्तक लिहिलं. त्या काळी तिकडे पुनरुज्जीवनाच्या सभांचा जोर होता. मूल पापी आहे, मोठं होऊन एके दिवशी त्याला धक्का बसेल, ते रडेल, पश्चात्ताप करेल, आणि मग ते ख्रिस्ती होईल, अशी सर्वसाधारण समजूत. बुशनेल म्हणाले, मुलाने ख्रिस्ती म्हणूनच वाढावं, आपण कधी वेगळे होतो असं त्याला आठवूच नये. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट इतकी झोंबली, की टीका सुरू झाल्यावर ज्या शब्बाथ शाळा संस्थेने पुस्तक छापलं होतं तिनेच ते मागे घेतलं.

मी स्वतः बुशनेलच्या अंगणातच वाढले. देव नव्हता असा एकही दिवस मला आठवत नाही. तरीही मला त्यांच्या म्हणण्यात एक धोका दिसतो. जे आपोआप मिळालं ते आपलं आहे का, हे मुलाला कधीतरी तपासावं लागतंच. आमच्या मंडळ्यांत दृढीकरणाच्या वर्गाला चौदा-पंधरा वर्षांची मुलं येतात, आणि त्यांतली काही खाली मान घालून बसलेली असतात. त्यांच्या मनात शंका असतात, आणि बाहेर बापाने नवे कपडे शिवायला टाकलेले असतात. नाही म्हणायची सोय नसेल, तर त्या मुलाच्या ‘हो’ला काय अर्थ? एका वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी अशा एका मुलाला सांगितलं, “तू पुढच्या वर्षी ये. नाही आलास तरी रविवारी माझ्याशेजारी बस.” बाप नाराज झाला. मुलगा तीन वर्षांनी आला.

टिळकांच्या घरातही हेच घडलं होतं. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सगळं जग कोसळलं. मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तरी आपला धर्म त्यांनी सोडला नव्हता. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो 1900 साली, स्वतःच्या पायांनी चालत. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मला सगळ्यात हलवून जाते ती ही मधली वर्षं. विटाळ-सोवळं एका घरात, प्रार्थना त्याच घरात, आणि दोघांमध्ये भांडणं, पत्रं, रुसवे, माया. टिळक स्वतः तुकारामांच्या बोटाला धरून ख्रिस्तापर्यंत पोचले असं मानत. असा माणूस मागून ढकलू शकत नाही. पुढे त्याच घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगा येऊन राहिला, तो बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर लेकरासारखी माया केली. तो हिंदूच राहिला. त्या घराच्या धार्मिकतेची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही.

आणि तरीही सगळ्यात जास्त मी विचार करते तो एका दाराचा. 11 मार्च 1889 ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवा मुलींची शाळा आणि वसतिगृह. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, कोणाच्या आचारात हात घालायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत लेकीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थना करत, आणि खोलीचं दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मी रमाबाईंच्या बाजूची आहे. आपली प्रार्थना लपवायला दाराला कडी घालणारी आई मुलांना कोणता धर्म शिकवणार? ते दार लावून घेतलं असतं, तर देव ही काहीतरी चोरून करायची गोष्ट आहे, एवढंच मनोरमा शिकली असती. पण त्या पालकांची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. ज्या हातून भाकरी मिळते त्याच हाताने एखादं दार उघडं ठेवलं, की आश्रयाला आलेल्या मुलीला ते नुसतं दार राहत नाही. तिच्या मनात हिशेब सुरू होतो: आत गेले तर बाई खूश होतील का? बाईंच्या मनात तसं नसलं तरी मुलीच्या मनात ते असू शकतं. भारताच्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमात, सरकारी मान्यतेच्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही, असं आहे. ते वाचताना मला नेहमी शारदा सदनातली ती खोली दिसते. आमच्या वर्गात गल्लीतली दोन हिंदू घरची मुलं गाण्यांसाठी येतात. मी त्यांच्या आयांना घरी जाऊन विचारलं, काय शिकवते ते सांगितलं. एक म्हणाली, “येऊ द्या, पण परीक्षेच्या वेळी नको.” दुसरी म्हणाली, “चांगलंच शिकवता ना, मग काय!” तरी खाऊ मी वर्ग संपल्यावर देते, आणि जो बाहेर खेळत असतो त्यालाही देते. प्रार्थनेच्या आधी खाऊ दिला, तर प्रार्थनेचा काय भाव झाला हे मुलाला लगेच कळतं.

रमाबाईंनी हीच लढाई दुसऱ्या टोकानेही लढली होती, हे फार कमी लोक लक्षात घेतात. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मनोरमा अडीच वर्षांची होती. मग या लेकीला काय शिकवायचं, कोणता सिद्धांत केव्हा सांगायचा, यावरून तिथल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात पत्रांतून बरेच खटके उडाले. रमाबाई पाहुण्या, परदेशी, त्यांच्याच आश्रयाला राहिलेल्या. तरी आपल्या मुलीच्या आत्म्याबद्दलचा शब्द त्या दुसऱ्याला द्यायला तयार नव्हत्या. म्हणजे पुण्यातल्या पालकांना जी भीती वाटत होती, ती रमाबाईंना आई म्हणून आतून माहीत होती. मला वाटतं म्हणूनच त्या दार उघडं ठेवू शकल्या, पण उठून कोणाला हाताला धरून आत आणू शकल्या नसत्या.

उघड्या दाराचा आणखी एक अर्थ आहे. तो लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलांचा चर्चमधल्या माणसांवर जो विश्वास असतो, तो निसर्गाने दिलेला असतो, आम्ही कमावलेला नसतो. त्याचा घात जगभरच्या चर्चमध्ये झाला आहे, आणि बंद दारांआड झाला आहे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा. त्यानुसार असा प्रकार कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, मग कळलेला माणूस पाळक असो की पंच. आमच्या पोरांच्या खोलीला आम्ही काचेची झडप बसवून घेतली आणि नियम केला: एक मोठा माणूस आणि एक मूल, दार लावून, कधीच नाही. एका वयस्क बंधूंना याचा राग आला. आमच्यावर संशय घेता का, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, “दादा, मीही याच नियमात आहे.” श्रद्धेच्या सगळ्या धड्यांच्या आधी मुलाला या खोलीत भीती वाटता कामा नये. ते जमलं नाही तर फळ्यावरचा मेंढपाळ कोणाच्या कामाचा?

खरं म्हणजे शब्बाथ शाळेचा तास आठवड्यातला एकच. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात इस्राएल लोकांना सांगितलं आहे ते घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलायला. तिथे खोली नाही, फळा नाही. आणि पुढे असंही गृहीत धरलं आहे, की मूल स्वतः विचारेल, हे सगळं तुम्ही कशासाठी करता? म्हणजे मुलाला प्रश्न पडावा असं काहीतरी घरात चाललेलं असायला हवं. तीमथ्याला लिहिताना पौलालाही कुठल्या शाळेची आठवण होत नाही. त्याला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके आठवतात. मी माझ्या घरात शिकले ते वडिलांच्या पाठीकडे बघून. ते पहाटे खाटेजवळ गुडघे टेकत, आणि तीन-चार मिनिटं त्यांची पाठ अगदी हलत नसे. ते काय बोलत हे मला कधीच कळलं नाही. पण दिवसा ज्याच्याशी त्यांचं बांधावरून भांडण झालेलं असे, त्याच्या घरी ते संध्याकाळी जाऊन येत, एवढं मला दिसत होतं. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नाताळला तीन आठवडे राहिले की मी मागच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडते. त्यात देवदूतांचे पांढरे फ्रॉक असतात, मेंढपाळांसाठी खरी घोंगडी असतात, मागी लोकांचे पुठ्ठ्याचे मुकुट असतात. फ्रॉक शिवताना खाली चार बोटं दुमड ठेवलेली आहे. दर वर्षी मुलींना उभं करून बघायचं आणि लागेल तशी दुमड उसवायची. शमुवेलाची आई हन्ना असाच एक लहान झगा दर वर्षी त्याच्यासाठी शिवून शिलोला नेत असे. मूल तिच्याजवळ नव्हतं. वर्षभरात ते किती वाढलं असेल, हे तिला अंदाजानेच बेतावं लागत असणार. परवा मी खिडकीत बसून एक फ्रॉक उसवत होते. आधीच्या टिपांच्या जागी कापडावर सुईच्या भोकांच्या बारीक ओळी राहिल्या आहेत, एकाखाली एक, वर्षांमागून वर्षांच्या. जिची आजी गेली होती ती मुलगी आता तेरा-चौदा वर्षांची आहे. ती समोर येऊन उभी राहिली, फ्रॉक अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, “बाई, मला आता नाही होणार हा. पण टाचून मी देते धाकट्यांना. सुई द्या.”